काकांच्या सायकलीला शिंगं फुटतात

कोकणातल्या घरात कुठलीही वस्तू टाकून देण्याआधी ती पडवीत ठेवून बघण्याची पद्धत आहे. बघायचं काय असतं, ते कुणी सांगत नाही. माझी सासुरवाडी रत्नागिरीत, झाडगावात. तिथल्या पडवीत अशा बघायला ठेवलेल्या वस्तूंत एक रगडा, दोन पेट्रोमॅक्स, तीन पायांचं स्टूल आणि माझ्या चुलतसासऱ्यांची सायकल होती. चुलतसासरे, म्हणजे काका, जहाजावर इंजिनीअर होते. रत्नागिरीत आळीटी एक तरी माणूस जहाजावर असतोच आणि तो येताना काय आणेल याचा नेम नसतो. कुणी टेपरेकॉर्डर आणला, कुणी जेवणाचा सेट. काकांनी १९८९ च्या सुमारास जपानच्या बंदरातून माउंटन बाईक आणली. पोलादी नळ्यांची, जाड टायरांची, सरळ हँडलाची, अंगठ्याने गिअर बदलायची. पुढे नव्वदच्या दशकात दहावी पास झालेल्या प्रत्येक मुलाला रेंजर हवी झाली, तेव्हा या सायकलीला काही वर्षं फार मान मिळाला. डोंगर उतरायला बनवलेली ती सायकल मारुती मंदिराजवळच्या शिकवणीला जायची, बाहेर उभी राहायची आणि परत यायची.

मग ती पडवीत गेली. तिथे तिला कुणी हात लावला नसता, पण माझ्या मेहुण्याची चाळिशी उलटली. चाळिशी उलटलेल्या माणसाला तीनपैकी एक काहीतरी होतं: मधुमेह, अध्यात्म किंवा सायकल. मेहुणा बँकेत आहे. त्याला पहिल्या दोन गोष्टींची लक्षणं दिसेनात म्हणून घरात सगळे निर्धास्त होते. एका रविवारी तो मोबाइल माझ्या नाकासमोर धरून म्हणाला, "भाऊजी, हे बघा. ग्रॅव्हल बाईक."

फोटोत मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल होतं, जाड टायर होते, आणि मागे कुठलीतरी धुळीची अमेरिकन वाट होती. मी किंमत विचारली. लाखाच्या पुढचा आकडा त्याने इतक्या हळू सांगितला की स्वयंपाकघरात माझ्या बायकोलाच तो आधी ऐकू गेला. ती दारात येऊन उभी राहिली. त्याने ताबडतोब दुसरा फोटो काढला. "नवीन नाही घ्यायची गं ताई. आपली काकांची आहे ना, तिलाच हे हँडल लावायचं. जुन्या माउंटन बाईकची चौकट यासाठी उत्तम असते. फक्त हँडल बदलायचं."

या 'फक्त'वर पुढचे काही महिने गेले.

गंमत अशी की माउंटन बाईक मुळात जन्माला आली तीच असल्या उद्योगातून. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात टॅमलपाइस डोंगराच्या आसपास काही केस वाढवलेली पोरं १९३०-४० च्या काळातल्या, श्विन कंपनीच्या फुगीर टायरांच्या सायकली भंगारातून उचलायची, त्यांना भलतेच ब्रेक आणि गिअर लावायची आणि डोंगरावरून खाली सोडायची. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली रिपॅक शर्यत लावली. उतारावर मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा, की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा आणि खाली पोचल्यावर हब उघडून नवं ग्रीस भरायला लागायचं. १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची स्टम्पजंपर आली आणि हे खूळ कारखान्यात शिरलं. म्हणजे आधी गावातली सायकल मोडून डोंगरातली केली. आता डोंगरातली मोडून गावातली करायची. सायकल आहे तशी चालवणं माणसाच्या स्वभावात बसत नसावं.

मेहुण्याकडे मात्र आधार तयार होते. १९९० साली अमेरिकेत डुरँगो इथे माउंटन बाईकची जागतिक स्पर्धा झाली, तिच्यात जॉन टोमॅक नावाचा नामांकित सायकलपटू रेसिंगचं वाकडं हँडल लावून उतरला होता. का, तर तो त्याच काळात डांबरी रस्त्यावरच्या शर्यतीही करत होता आणि त्याला बसण्याची सवय मोडायची नव्हती. हे कारण मला पटलं. पण मेहुणा डांबरी रस्त्यावर जे चालवतो ती ॲक्टिव्हा आहे, हे मी त्याच्या निदर्शनाला आणून दिलं.

दुसरा आधार टूर द फ्रान्सचा. ती पहिल्यांदा पिरेनीजच्या डोंगरांत शिरली १९१० साली. कच्चे रस्ते, वाकडी हँडलं. "आणि १९१० सालीच आपला थिबा राजवाडा पुरा झाला, भाऊजी!" या दोन घटनांचा संबंध काय, ते त्याने सांगितलं नाही. मीही मग सांगून टाकलं, की १९३७ साली इकडे सावरकरांची रत्नागिरीतली स्थानबद्धता उठली आणि त्याच वर्षी तिकडे टूरमध्ये गिअर बदलण्याच्या यंत्रणेवरची बंदी उठली. तो एवढा हरखला की हे वाक्य मी बोललोच नसतो तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. पुढे पार्सल घेऊन येणाऱ्या माणसालासुद्धा त्याने ते ऐकवलं.

हँडल आलं. पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने, गोणपाटात गुंडाळून. सासूबाईंनी गोणपाट सोडून वस्तू उलटीसुलटी बघितली आणि "वाकलंय, परत पाठव" म्हणाल्या.

आता सायकलीचं विज्ञान ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हँडल ज्या तोंडात बसतं त्याला स्टेम म्हणतात. काकांच्या सायकलीच्या स्टेमचं तोंड २५.४ मिलिमीटर. आलेलं हँडल मध्यभागी २६. अंतर पॉइंट सहाचं. एवढ्याशा फटीत मुंगी गेली नसती, पण हँडल जाईना. तेव्हा स्टेम बदलायचं ठरलं, आणि जुनं स्टेम निघेना. ते ॲल्युमिनियमचं, ज्यात ते घुसलेलं ती नळी पोलादाची. दोन वेगळे धातू, मध्ये समुद्रावरची खारी हवा, वर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढचा पाऊस. तीस वर्षांत त्या दोघांचं असं काही जमलं होतं की घटस्फोटाला कुणी तयार नव्हतं. डब्ल्यूडी फॉर्टी झालं, डिझेल झालं, गरम पाणी झालं. सायकल उलटी टांगून ठेवली. सायकलवाल्या मिस्त्रींनी दोन फटके मारून पाहिले आणि म्हणाले, "हे काम आमचं नाही. मिरकरवाड्यात जा."

मिरकरवाडा हे मच्छीमारी बंदर. तिथे ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करणारी माणसं आहेत, आणि खाऱ्या पाण्यात जाम झालेला बोल्ट त्यांच्यासमोर आला की ते आधी त्याच्याकडे नुसतं बघतात. एका इंजिनवाल्याने सायकल बघितली, विडी विझवली, नळीला बाहेरून शेक दिला, मग वेगळ्याच ठिकाणी, वेगळ्याच दिशेने एकच ठोका मारला. स्टेम सुटलं. पैसे विचारले तर म्हणाला, "ह्याचे काय घ्यायचे?" आणि मग फार सौजन्याने विचारलं, "पण चांगलं सरळ हँडल होतं, तें काढलंत कशाला?"

हा प्रश्न पुढे सगळ्या रत्नागिरीने विचारला. पण आधी ब्रेक.

सरळ हँडलाच्या टोकाशी नळीची जाडी २२.२ मिलिमीटर असते, वाकड्याची २३.८. त्यामुळे जुन्या ब्रेकच्या मुठी नव्या हँडलावर चढत नाहीत. नव्या मुठी मागवल्या. त्या तार कमी ओढतात. काकांच्या सायकलीला मुळात कँटिलिव्हर जातीचे ब्रेक होते, दोन बाजूंना दोन कान आणि मध्ये आडवी तार, त्यांना एवढी ओढ पुरते. पण १९९६ साली शिमानोने व्ही-ब्रेक काढले आणि पुढे जगभर तेच बरे ठरले. मधल्या काळात कुणीतरी, बहुधा मेहुण्याच्याच कॉलेजच्या दिवसांत, मागच्या चाकाला हौसेने व्ही-ब्रेक बसवून घेतलेले. त्यांना दुपटीच्या आसपास तार ओढलेली लागते. परिणाम असा, की पुढचा ब्रेक दाबला की सायकल जागच्या जागी थांबायची, आणि मागचा दाबला की मूठ हँडलाला टेकायची व सायकल आपल्या विचारात पुढे जात राहायची. म्हणजे आता जुन्या जातीचे मागचे ब्रेक शोधणं आलं. नवे बाजारात कुणी ठेवत नाही. ते शेवटी मिस्त्रींच्याच दुकानात, डालड्याच्या पिवळ्या डब्यात, छर्रे आणि कॉटर पिनांच्या खाली निघाले. "मीच काढून ठेवले होते तेव्हा," मिस्त्री म्हणाले. "लागतील म्हणून." पडवीचा नियम दुकानालाही लागू असतो.

कोकणात घर शाकारताना जे होतं तेच इथे चाललं होतं. एक कौल बदलायला माणूस वर चढतो, कौलाखालची रीप किडलेली निघते, रिपेखालचा वासा, वाशाखालची भिंत, आणि खाली उतरतो तेव्हा कर्ज काढायचं ठरलेलं असतं. हँडलामुळे स्टेम बदललं, हँडलामुळे मुठी बदलल्या, मुठींमुळे ब्रेक, ब्रेकमुळे तारा आणि तारांची कव्हरं. मग गिअर. अंगठ्याचे गिअर २२.२ च्या नळीसाठी, तेही चढेनात. पण हे जुने गिअर फार गुणी. त्यांना टकटक असा आवाज नसतो, ठरलेले खटके नसतात, हाताच्या अंदाजाने हळूहळू सरकवत साखळी जिथे बसेल तिथे बसवायची. त्यामुळे ते कुठल्याही कंपनीच्या चकत्यांबरोबर चालतात. ते टाकायला मेहुणा तयार नव्हता आणि मिस्त्रीही नव्हते. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एक लेथवाला आहे, आंब्याच्या बागांतल्या पंपांचे शाफ्ट करतो. त्याने हँडलाच्या दोन उघड्या टोकांत बसतील असे ठोंबे कातून दिले आणि त्यांच्यावर गिअर बसले. उत्तम बसले. वळताना गुडघ्याला लागतात, तेवढंच. गुडघा लागला की गिअर बदलतो, त्यामुळे मेहुण्याच्या मते ही सायकल आता निम्मी स्वयंचलित आहे.

टायरची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती आठवली की मिस्त्री अजून चिडतात. सायकलीवर लिहिलेलं २६. दुकानात टायरही २६ चा. तो चढवला तर कडेवरून ढिला, लोंबत. "सव्वीस म्हणजे सव्वीस!" मिस्त्री ओरडले, आणि त्यांचं बरोबर होतं. पण आपल्याकडच्या लेडीज सायकलीचा २६ गुणिले एक पूर्णांक तीन अष्टमांश म्हणजे रिमवर ५९० मिलिमीटर आणि माउंटन बाईकचा २६ म्हणजे ५५९. एकाच नावाच्या दोन टायरांत एकतीस मिलिमीटरचा फरक. खरं माप टायरच्या कडेला असं बारीक छापलेलं असतं की चाळिशी लागलेल्याने ते चष्मा लावून वाचावं, आणि मिस्त्रींची साठी उलटली आहे.

सर्वांत सुंदर काम झालं ते हँडलावर पट्टी गुंडाळण्याचं. पट्टीचं शेवटचं टोक सुटू नये म्हणून मेहुणा इन्शुलेशन टेप लावणार होता. नव्या मुठी मिरकरवाड्यात दाखवायला नेल्या, तिथे जाळं शिवत बसलेल्या एका म्हाताऱ्या खलाशाला ते बघवलं नाही. त्याने जाळ्याचा दोरा घेतला, फेऱ्यावर फेरे घट्ट दिले आणि शेवटचं टोक आतल्या आत असं ओढून घेतलं की गाठ कुठे आहे ते दिसेना. फ्रान्समधले जुने लांबपल्ल्याचे सायकलवाले हेच करतात, दोरा आणि वर लाखेचा हात, असं मेहुणा त्याला सांगू लागला. म्हातारा म्हणाला, "करूं देत." या सायकलीवर एकच काम पहिल्या फटक्यात आणि पैसे न देता झालं, ते हे. बाकीचं इंजिनवाल्याचं धरलं तर दोन.

पैशांचं म्हणाल, तर सायकलीची किंमत हा रत्नागिरीत सार्वजनिक विषय आहे. जयस्तंभापासून साळवी स्टॉपपर्यंत सिग्नलला, चहाच्या टपरीवर, सलूनमध्ये, "केवढ्याला पडली?" हा प्रश्न "बरे आहात ना?" याच्या आधी येतो. मेहुण्याकडे तीन उत्तरं होती. लोकांना तो सांगायचा, "घरचीच आहे, काही नाही." मला सांगायचा तो आकडा त्यात स्टेम धरलेलं नसे, कारण स्टेम त्याच्या मते दुरुस्तीत मोडतं, रूपांतरात नाही. तारा कन्झ्युमेबल. ब्रेक आपल्याच डब्यातले. टायर काय, कधीतरी बदलावेच लागले असते. बँकेत एवढी वर्षं काढल्याचा माणसाला असा उपयोग होतो. तिसरा आकडा फक्त त्याच्या बायकोला माहीत आहे, आणि तो तिला त्याने सांगितलेला नाही.

दुसरा प्रश्न हँडल उलटं बसवलंय का, हा. त्यातही पोटभेद आहेत. शाळकरी मुलं "काका, हँडल खाली आलंय" असं सावध करतात. यष्टीतून निवृत्त झालेले शेजारी रोज सकाळी फाटकात उभे राहून ठरवतात की एकतर हँडल पुढे आहे किंवा सीट मागे. त्यांचं तसं चूक नाही. माउंटन बाईकची वरची नळी लांब असते, सरळ हँडल जवळ येतं म्हणून ती लांबी खपते. वाकडं हँडल हात आणखी पुढे नेतं. त्यासाठीच आखूड आणि उंच स्टेम घ्यायचं असतं. मेहुण्याने आखूड घेतलं, पण उंच घेतलं नाही, कारण फोटोत ते बरं दिसत नाही. त्यामुळे तो सायकलवरून जाताना पाठीचा कणा असा जमिनीला समांतर होतो की पतितपावन मंदिरासमोरून गेला तेव्हा एका बाईंना वाटलं, चालत्या सायकलीवरून दंडवत घालतोय. त्यांनी "देव बरं करो" म्हटलं.

पाऊस लागायच्या आधी पहिली लांबची फेरी ठरली, कशेळीपर्यंत. कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला मोठा हत्ती आहे, अठरा मीटरच्या आसपास लांब, त्याच्या पोटात आणखी प्राणी कोरलेले. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातली जी कातळशिल्पं गेली त्यांतलं ते एक. तिथे जायला सडा तुडवायचा, म्हणून ही ग्रॅव्हल बाईक. मी मागून स्कूटरवर, पाणी, केळी आणि पान्हे घेऊन. याला मदत-वाहन म्हणतात. भाट्याच्या पुलावर समुद्राकडून वारा भणाणत येत होता आणि तिथे पहिल्यांदा त्या हँडलाचा उपयोग मला दिसला. मेहुणा खालच्या वळणात हात घालून वाऱ्याखाली दबला आणि खरोखर निघाला. मी स्कूटरवर ताठ बसून वाऱ्याला धडका देत होतो. सुरूबन गेलं, नारळ संशोधन केंद्र गेलं, आणि पुढे गोळपच्या बाजूला जाणारा चढ लागला. तिथे तो उतरला. "१९१० साली लापीझनेसुद्धा पिरेनीजमध्ये सायकल ढकललेली," तो धापा टाकत म्हणाला. "आणि टूर जिंकलेली." मी स्कूटर बंद करून शेजारून चालू लागलो. घरचा माणूस धापा टाकत असताना त्याला इतिहासात एकटं सोडवत नाही.

पावस ओलांडलं, पूर्णगडची खाडी ओलांडली, आणि मग डांबर सोडून तो तांबड्या सड्यावर शिरला. इथे मी गप्प बसलो. जांभ्याचा सुटा चुरा, मधेच चिऱ्याच्या गाड्यांनी उखडलेले चर, करड सुकलेलं गवत. माझी स्कूटर त्यावर घसरत, कुरकुरत होती आणि ती पस्तीस वर्षांची जपानी चौकट जाड टायरांवर अशी सरळ चालली होती की ती एवढी वर्षं या वाटेचीच वाट बघत पडवीत होती की काय. शिकवणीच्या बाहेर उभं राहून तिने काय काय सोसलं असेल. हत्तीपाशी एक मुलगा गुरं राखत होता. त्याने आधी सायकल बघितली, मग मेहुण्याकडे बघितलं, मग हत्तीकडे हात करून म्हणाला, "तो बघायला आलांव तर चपला काडा. आणि सायकल तिकडं ठेवा, गुरां बुजतात."

परतीला मेहुणा स्कूटरवर मागे बसला. सायकल टेम्पोने आली. पाठ.

पावसाळ्यात तो काही बोलला नाही. बँकेत उभ्याने काम करायचा आणि खुर्चीला उशी लावायचा. भाद्रपदात काका मुंबईहून गणपतीला आले. आरती झाली, मोदक झाले, आणि पान खात ते पडवीत आले. सायकल पाहून थांबले. मेहुणा बाजूला उभा राहून इंजिनवाला, लेथवाला, म्हातारा खलाशी, १९३७ असं सगळं एका दमात सांगू लागला. काकांनी ब्रेक दाबून पाहिले, गिअर हलवून पाहिले, दोऱ्याच्या गाठीवरून बोट फिरवलं. जहाजावर आयुष्य गेलेल्या माणसाला चांगलं काम कळतं. "काम फर्स्ट क्लास झालंय," ते म्हणाले. मेहुण्याची पाठ क्षणभर सरळ झाली.

"पण मी ही घेतली ती का ठाऊक आहे तुला?" काका म्हणाले. "कॉलेजात माझ्याकडे रेसर होती. अशाच हँडलाची. तिच्यापायी माझी कंबर गेली. डॉक्टरनं सांगितलं, सरळ हँडलाची बघा. सगळं जपान पालथं घालून ही आणली." मग ते थोडं मागे झाले. "मी आता मार्चपासून इथंच राहायला येणार. भाट्यापर्यंत रोज जायचं मनात आहे. तोवर जुनं हँडल चढवून ठेव. टाकलं नाहीस ना?"

टाकलं कुठलं. रत्नागिरीत कोण टाकतं? मेहुणा घाईने आत गेला, मी मागोमाग. न्हाणीघरात भिंतीला दोन खुंट्या ठोकून त्यावर ते सरळ हँडल आडवं घातलेलं होतं, आणि त्यावर घरातल्या पाहुण्यांचे टॉवेल वाळत होते. गणपतीचे दिवस, त्यामुळे सगळी जागा भरलेली. सासूबाई दारात आल्या.

"हात लावू नकोस हं त्याला," त्या म्हणाल्या. "भावजींना म्हणावं, पडवीत एक वाकडं आहे ते न्या."